दुसऱ्या पानावरची बिस्किटं

कुमुदकाकू,

तुझ्यासाठी आपल्या मानसशास्त्र विभागात शोकसभा ठेवली होती. सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले, तेव्हा तू असतीस तर मधूनच उठून चहाला गेली असतीस. ‘आंटी जी बहुत पॉज़िटिव थीं,’ असं आपल्या वर्गातली पोरं एकामागून एक येऊन सांगत होती. तू पॉझिटिव्ह? संख्याशास्त्राच्या तासाला ‘हा विषय ज्यानं काढला त्याचं वाटोळं होवो’ असं पुटपुटणारी तू? मी आपल्या नेहमीच्या बाकावर बसले होते, आणि हसू आणि रडू दोन्ही एकदम यायला लागलं म्हणून ओढणी तोंडात कोंबली. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. मला जे सांगायचं होतं ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं. तुझं-माझं भांडण अर्धं राहिलंय. असं अर्ध्या भांडणातून कुणी उठून जातं का?

हे मराठीत लिहिते आहे, म्हणजे चुका काढायला तू मोकळी. ‘तुझं मराठी म्हणजे हिंदीला नऊवारी नेसवलेली,’ असं तू म्हणायचीस. झाशीत आपल्यासारखी घरं उरलीत किती, आणि त्यातल्या आमच्या पिढीला मराठी कळतं जास्त, बोलता येतं कमी. एम.ए.च्या पहिल्या दिवशी तू वर्गात आलीस तेव्हा सगळे उभे राहिले होते, तुला मॅडम समजून. तू हात हलवत म्हणालीस, ‘अरे बैठो बैठो, हम भी एडमिशन वाले हैं.’ शाळेतली नोकरी संपवून, नवऱ्याच्या मागे एकटीनं मुलाचं लग्न लावून, साठीच्या पुढची बाई मानसशास्त्र शिकायला आली होती. हजेरीत माझं आडनाव ऐकलंस आणि सगळ्या वर्गासमोर ओरडलीस, ‘मराठी का गं?’ मी ‘हो’ म्हणायच्या आत तुझी पिशवी माझ्या शेजारी येऊन पडली. मी तुला ‘तुम्ही’ म्हणायला लागले तर म्हणालीस, ‘एका बाकावर बसायचं, एका डब्यातलं खायचं, आणि तुम्ही कसलं गं?’ तेव्हापासून तू.

मग गेल्या वर्षी पितृपक्षात मी तुला आमच्या घरी जेवायला बोलावलं. आमच्याकडे चतुर्दशीचं श्राद्ध असतं. ती तिथी शस्त्रानं, अपघातानं, अकाली गेलेल्यांची, हे तुला मी सांगायला नकोच होतं. आमचे कुणी पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले आणि लढाईत पडले. कोणत्या लढाईत, कुणाविरुद्ध, हे घरात कुणालाही धड सांगता येत नाही, पण पडले हे नक्की, आणि त्याचा अभिमान आमच्या फडताळातल्या कपबश्यांनासुद्धा आहे. त्यांच्या नावानं दरवर्षी पान वाढतात. त्याच्या शेजारी आणखी एक पान असतं. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, दुसरं कुणाचं? ती म्हणाली, त्यांच्या भावाचं, दोघं एकाच दिवशी पडले. मला ती गोष्ट फार आवडायची. शाळेत मी त्यावर हिंदीत निबंधही लिहिला होता आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

तू हौसेनं आलीस. ‘आमसुलाची चटणी आणि उडदाचे वडे, झाशीत आता हे कुठे मिळतं,’ असं म्हणत ओसरीवर बसलीस. बाबा पानं वाढत होते. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी. मग नेहमीप्रमाणे त्यांनी खिशातून पुडा काढला आणि दुसऱ्या पानावर, मिठाच्या शेजारी, क्रीमची बिस्किटं ठेवली. ती दरवर्षी ठेवतात. मी जन्मल्यापासून बघत आले होते. आणि तू, अख्ख्या घरासमोर, खणखणीत आवाजात म्हणालीस, ‘अगंबाई! लढाईतले वीर क्रीम बिस्किटं खायचे वाटतं?’

कुणी हसलं नाही. बाबांच्या हातातली पळी तशीच राहिली. मग ती खिरीच्या पातेल्यात ठेवून ते गच्चीवर निघून गेले. आई म्हणाली, ‘वडे घ्या ना, काकू.’ तू जीभ चावलीस आणि वडा घेतलास.

दुपारी भांडी पुसता पुसता आईनं मला सांगितलं. ते पान दिनूकाकाचं. बाबांच्या धाकट्या भावाचं. मला एवढंच माहीत होतं की एक काका होता आणि तो कॉलेजात असताना तापानं गेला. ताप वगैरे काही नव्हता. ‘त्यानं आपलं आपणच...’ एवढंच आई म्हणाली आणि पातेलं उगाच दुसऱ्यांदा पुसलं. लोकांना काय सांगायचं म्हणून ताप. त्याचं श्राद्ध करायचं तर चतुर्दशीलाच करायला हवं, आणि चतुर्दशीला केलं तर चार लोकांना कळणार, म्हणून त्याचं पान वीराच्या आडोशाला मांडलं. चतुर्दशी आमच्या घरात आधीपासून होतीच. कुणालाही संशय आला नाही. वर्षानुवर्षं नातेवाईक, गुरुजी, शेजारी जेवून गेले. मानसशास्त्र शिकणारी घरची मुलगी, जिला निरीक्षणाच्या प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्क, तिलाही आला नाही.

त्याच रात्री मी तुला फोनवर हे सगळं सांगितलं, आणि मी तुझ्यावर चिडले होते हेही तुला कळलं. दुसऱ्या दिवशी तू बाबांची माफी मागायला आलीस. बाबा पेपर वाचत होते. तू म्हणालीस, ‘भाऊ, माझ्या जिभेला हाड नाही.’ त्यांनी पेपर खाली केला नाही. पेपरच्या मागूनच म्हणाले, ‘ऑरेंजची. त्याला तीच आवडायची.’ तू पुढे काहीच विचारलं नाहीस, नुसती बसून राहिलीस, चहा गार झाला तरी. बोलायचं कधी आणि गप्प राहायचं कधी हे तुला निम्मंच जमायचं, पण त्या दिवशी जमलं.

त्यानंतरच तू प्रबंधाचा विषय बदललास ना? आधी आपण ‘परीक्षेचा ताण’ घेणार होतो. सोपा, सरांच्या आवडीचा. तू एक दिवस येऊन जाहीर केलंस, ‘मानसशास्त्राचे विद्यार्थी आत्महत्येकडे कसं बघतात, आणि ती टाळता येते असं त्यांना वाटतं का, हे बघायचं.’ मी म्हटलं, काकू, असला विषय कशाला? तू म्हणालीस, ‘उद्या हीच पोरं खुर्चीत बसणार आहेत, लोक यांच्याकडे येणार आहेत.’ आपण विभागातल्या सगळ्यांना प्रश्नावली वाटली. सगळ्यांनी भरून दिली. आणि सगळ्यांनी बरोब्बर भरून दिली. अशा माणसाला मदत मिळाली तर तो वाचू शकतो का? हो. तो दुबळा असतो का? नाही. त्याला सरळ विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार येतो का? नाही, नाही, नाही. सर खूश. ‘बच्चों की अवेयरनेस अच्छी है,’ म्हणाले. तू मात्र तोंड पाडून बसलीस. सीपरी बाजारात झेरॉक्सच्या दुकानाशेजारी कचोरी खाताना म्हणालीस, ‘ही सगळी पास व्हायला बसलीत गं. पुस्तकात लिहिलंय तेच लिहिलं. यांना स्वतःला काय वाटतं ते कुठाय?’

मग तुझा तो उद्योग. सर नसताना खुर्ची वर्गाच्या मधोमध ओढलीस आणि बसलीस. ‘मी तुमच्याकडे आलेली बाई. खात-पीत नाही, झोपत नाही. मला मरून जावंसं वाटतं का, हे विचारा. एकेकानं या.’ सगळ्यांना गंमत वाटली. पहिला अभिषेक आला, वर्गात सगळ्यात हुशार. खूप वेळ हातावर हात चोळत बसला आणि म्हणाला, ‘आंटी जी, आपके मन में ऐसा-वैसा कुछ तो नहीं है न?’ तू म्हणालीस, ‘नहीं बेटा. अब घर जाओ.’ सगळे हसले. तू हसली नाहीस. ‘तू उत्तर आधीच माझ्या हातात ठेवलंस. नाही म्हणण्याशिवाय मला रस्ता ठेवलास का?’ असं त्याला हिंदीत समजावलंस. नेहा इंग्रजीतले मोठे शब्द घेऊन आली, तर तू म्हणालीस, ‘बेटा, हम तो प्राइमरी में पढ़ाते थे, इसका मतलब?’ ती गोंधळून परत गेली. आणि मग हळूहळू प्रश्नावलीत नव्हतं ते बाहेर यायला लागलं. एक जण म्हणाला, ‘मेरे घर में कोई ऐसा करे तो मैं तो कभी माफ़ न करूँ.’ एकजण म्हणाली, हे पाप आहे, माझी आई असल्या घरात पाणीसुद्धा पीत नाही. कोणी म्हणालं, खरोखर करणारे बोलत नाहीत, बोलणारे करत नाहीत. याच पोरांनी आठवड्यापूर्वी सगळी उत्तरं बरोबर दिली होती. मागच्या बाकावरची एक मुलगी काही न बोलता रडायला लागली, तेव्हा तू खुर्ची सोडून तिच्याजवळ जाऊन बसलीस.

शेवटी माझी पाळी. मी तुझ्यासमोर बसले आणि विचारलं. सरळ, हिंदीत, डोळ्यांत बघून. माझा आवाज थरथरला नाही. तू म्हणालीस, ‘ये पास.’ मला किती अभिमान वाटला होता. घरी जाताना तू रिक्षात मला मिथिलेश भाभीची गोष्ट सांगितलीस. लक्ष्मी गेटला तुझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी. तिनं एक दिवस तिच्या सगळ्या कुंड्या तुला आणून दिल्या, मोगरा, तुळस, गुलाब. आता माझ्यानं होत नाही म्हणाली. ‘आणि मी काय केलं? मी म्हटलं, ती जास्वंदाची राहिली, ती पण द्या ना.’ ती जास्वंदाची पण देऊन गेली. त्याच आठवड्यात तिनं जीव दिला. ‘रोज पाणी घालते गं त्यांना,’ तू म्हणालीस. ‘जास्वंद मेली तर मला बरं वाटेल असं कधीकधी वाटतं. मरत नाही. वर्षभर फुलते मेली.’ तेव्हा मला कळलं की साठीच्या पुढे तू या वर्गात कशाला येऊन बसली होतीस. आजवर मी तुला पेन्शनर बाईची हौस समजत होते.

आता भांडणाकडे येते.

बाबा रेल्वेतून निवृत्त झाले. पहिले काही दिवस ठीक होते. मग लक्ष्मी तालाच्या काठी सकाळी फिरायला जाणं बंद झालं. मग त्यांनी पाने-पक्कड, ड्रिल, सगळी हत्यारं खालच्या बबलू भैयाला देऊन टाकली. घड्याळ माझ्या आत्तेभावाला दिलं. मी आईला म्हटलं, बरं झालं, घर मोकळं होतंय. आणि एक दिवस रिक्षा करून ते स्वतः तुझ्याकडे आले आणि त्यांची पेटी, ज्या पेटीवर ते गणपतीत सगळ्या मराठी घरांच्या आरत्या वाजवायचे, ती तुझ्या घरात ठेवून गेले. ‘मला आता काय करायची,’ म्हणाले.

तू लगेच मला फोन केलास. ‘जुई, बाबांना विचार.’

मी म्हटलं, काय विचारू? माणूस रिटायर झालाय, पसारा आवरतोय.

‘मला विचारलंस तसं विचार.’

मी म्हटलं, काकू, माझं घर तुझं प्रॅक्टिकल नाही.

तू म्हणालीस, ‘ज्या घरात एकदा कुणी विचारलं नाही, त्या घरात दुसऱ्यांदा तरी विचारा गं.’ मला ते झोंबलं. मी म्हटलं, एवढं कळतंय तर पेटी ठेवून कशाला घेतलीस? कुंड्यांसारखी? तू म्हणालीस, ‘घेतली. का घेतली ते भेटलीस की सांगते.’ मी फोन ठेवला.

त्यानंतर मी आले नाही. तू रोज सकाळी मोबाईलवर गुलाबाचं चित्र आणि सुप्रभात पाठवत राहिलीस, जे तू एरवी इतर बायकांचं थट्टेनं दाखवायचीस. मी बघायची आणि उत्तर द्यायची नाही. रुसण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मग श्रावणात एका दुपारी तुझ्या सुनेचा, रश्मी भाभीचा फोन आला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी दवाखान्यात आले तेव्हा तू डोळे मिटून होतीस आणि नर्सनं हात लावू दिला नाही. तुला मी काही विचारू शकले नाही आणि तू काही सांगू शकली नाहीस. पुन्हा डोळे उघडलेच नाहीस.

मला तुझा राग अजून आहे, काकू, तो आधी सांगून टाकते. तू म्हणालीस ‘विचार’. पण तू मोठी होतीस, बाबा तुला मानायचे, पेटी त्यांनी तुझ्या दारात आणून ठेवली होती. तूच का नाही विचारलंस? वर्गात सगळ्या पोरांना खुर्चीत बसवून शिकवलंस आणि खरी वेळ आली तेव्हा माझ्यावर ढकललंस. मुलीनं बापाला असं विचारायचं म्हणजे काय असतं, याचा तुला अंदाज तरी होता का? तुझ्या तेराव्याला पंगतीत बसून मी हेच मनात म्हणत होते. पानात वडा होता, आणि वडा बघून मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं, काकूंवर फार जीव होता. होताच.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी बाबांना म्हटलं, चला, तालावर जाऊ. ते नको नको म्हणत आले. महालक्ष्मीच्या देवळाजवळ एका बाकावर बसलो. मी शेंगा घेतल्या. ते शेंगा सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत होते, स्वतः खात नव्हते. त्यांचं मनगट किती बारीक झालंय ते मला त्या दिवशी दिसलं. मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही ठीक आहात ना?’

‘हो. ठीक.’

आणि मला तुझा आवाज ऐकू आला, नहीं बेटा, अब घर जाओ. मी अभिषेकसारखंच विचारलं होतं. वर्गात ‘ये पास’ झालेली मी. तुझ्यासमोर हे किती सोपं होतं, कारण तू मेली नसतीस, तू उठून कचोरी खायला जाणार होतीस. इथे उत्तर खरं असणार होतं, आणि ते खरं उत्तर मला नको होतं. आपल्या वर्गातल्या पोरांना मी उगाच हसले, काकू. लोक अज्ञानामुळे विचारत नाहीत असं आपण प्रबंधात लिहिलंय, ते मी बदलणार आहे. लोक घाबरून विचारत नाहीत.

मी शेंगांची पुडी बाजूला ठेवली. ‘बाबा, मरून जावं, जीव द्यावा, असं तुमच्या मनात येतं का?’

ते शेंग सोलत राहिले. ती सोलून झाली. दाणे माझ्या हातावर ठेवले. मग म्हणाले, ‘येतं.’ आणि थोड्या वेळानं, ‘रोज नाही.’

पुढे काय करायचं ते मला सगळं पाठ होतं आणि त्या क्षणी काही म्हणजे काही आठवलं नाही. मी त्यांचं मनगट धरलं. मग हळूहळू आठवलं. काही ठरवलंय का, हेही विचारलं. नाही म्हणाले. त्यांचा हात मी सोडला नाही. मग ते आपणहून दिनूकाकाबद्दल बोलले, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. ‘आठवडाभर धड जेवला नव्हता. मी सकाळी ड्यूटीवर निघालो होतो. त्याला म्हटलं, काय रे, ठीक ना? तो म्हणाला, हो दादा. मी सायकल काढली.’ एवढंच. मग म्हणाले, ‘तू मला दुसऱ्यांदा विचारलंस. मी त्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही.’ आम्ही दोघंही रडलो. शेंगावाला दुसरीकडे बघत उभा राहिला, देव त्याचं भलं करो.

‘आईला सांगू नकोस,’ ते म्हणाले.

‘सांगणार आहे,’ मी म्हटलं. ‘घरात आता ताप पुरे झाला, बाबा.’ ते नाही म्हणाले नाहीत.

आईनं ऐकलं आणि आधी गॅस बंद केला. ‘मला वाटत होतंच,’ ती म्हणाली, ‘पण विचारलं आणि हो म्हणाले तर मी काय करू, म्हणून विचारलं नाही.’ मग तिनं बाबांच्या पानात जास्तीची पोळी वाढली, तिला तेवढंच सुचलं. डॉक्टरांकडे जायला बाबा सहज तयार झाले असं समजू नकोस. ‘मैं क्या पागल हूँ,’ असं रागानं हिंदीत म्हणाले, आणि बाबा हिंदीत चिडले की खरे चिडलेले असतात. पण गेले. आता गोळ्या आहेत, त्यांनी तोंड कोरडं पडतं म्हणून कुरकुर आहे. आठवड्याला एक बाई त्यांच्याशी बोलतात, त्या फारच लहान आहेत अशी तक्रार आहे. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. एखादा दिवस वाईट जातो, आणि त्या दिवशी ते आता सांगतात की आज वाईट आहे.

काल चतुर्दशी होती. तुझं पान यंदा नाही, तुझा नंबर वर्षानंतर, तेव्हा घाई करू नकोस. बाबांनी दोन पानं वाढली. गुरुजींनी नेहमीप्रमाणे पूर्वजांचं नाव घेतलं आणि पुढे सरकले, तर बाबा म्हणाले, ‘थांबा. दिनकर. माझा भाऊ. त्याचं नाव घ्या.’ गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं, बाबांनी मान खाली घातली नाही. मग गुरुजींनी नाव घेतलं. इतक्या वर्षांनी आमच्या ओसरीवर ते नाव मोठ्यानं उच्चारलं गेलं. बबलू भैया जेवायला होता, आत्या होती, शेजारचे होते. बाबांनी ऑरेंजची बिस्किटं ठेवली आणि उरलेला पुडा बबलू भैयाच्या पोरांना दिला. आत्यानं दिनूकाका लहानपणी बिस्किटाचं क्रीम चाटून बिस्किटं परत पुड्यात कशी ठेवायचा ते सांगितलं. बाबा हसले. खरंच हसले, काकू.

जेवणं झाल्यावर त्यांनी शर्ट बदलला. ‘जुई, ऑटो बोलाव. लक्ष्मी गेटला जायचंय.’ कशाला, ते सांगेनात. तुझ्या दारात त्या कुंड्या होत्या. जास्वंद फुलली होती, मेली. रश्मी भाभीनं दार उघडलं तर बाबा उंबऱ्यातच अवघडून उभे, दिलेली वस्तू परत मागायला आलेल्या माणसासारखे, आणि तसेच ते होते. ‘वो... बेटा, मेरी पेटी...’

तिनं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. आत गेली आणि पेटी घेऊन आली. तुझ्या जुन्या निळ्या साडीत गुंडाळलेली, गाठ मारलेली. ‘मम्मी जी ने कहा था, ये हमारी नहीं है, रखने को दी है. इसे कोई हाथ न लगाए. जुई के पापा माँगने आएँगे, तब दे देना.’

बाबांनी साडीची गाठ चाचपली. मीच विचारलं, ‘और न आते तो?’

‘यही मैंने भी पूछा था,’ ती म्हणाली. ‘तो बोलीं, जुई से कहा है, वो पूछेगी. और न पूछ पाई, तो हम ख़ुद जाकर पूछ लेंगे.’

बाबा येताना ऑटोत पेटी मांडीवर घेऊन बसले होते. घरी आल्यावर त्यांनी तुझ्या साडीची गाठ सोडली, भाता उघडला आणि एक पट्टी दाबली. ती चिकटली होती. ‘हिला उद्या दुरुस्तीला नेऊ,’ असं म्हणाले. उद्या, असं म्हणाले, काकू. मी स्वयंपाकघरात आईजवळ उभी राहून ऐकत होते.

म्हणजे भांडण तूच जिंकलीस. तू स्वतः येणार होतीस, आणि हे मला भेटून सांगणार होतीस, आणि मी आले नाही, आणि तुझ्याकडे वेळ उरला नाही. ते असो. तुझ्या वाटणीचंही मी विचारून टाकलं आहे. आता तू निवांत बस, आणि साडी मी परत देणार नाही.